करड्यावरची हळद

लहान हॉलला रंग भिंतीवरून देऊ नये, वस्तूंवरून द्यावा, असं माझं ठाम मत आहे. भिंत एकदा रंगवली की पुढची पाच-सात वर्षं तिच्याशी जमवून घ्यावं लागतं. उशीचा अभ्रा रविवारी दुपारी बदलता येतो. भाड्याच्या घरात तर भिंतीचा प्रश्न आधीच निकालात निघालेला असतो. अकरा महिन्यांचा करार, भिंतीला खिळा मारायचा नाही, रंगाला हात लावायचा नाही, जाताना घर होतं तसं ताब्यात द्यायचं. डोंबिवली, कल्याण, वसई, पुण्यात धायरी-आंबेगाव, सगळीकडे याच अटींवर कितीतरी संसार चालले आहेत. त्या घरांत राहणाऱ्यांच्या हातात काय उरतं? पडदे, अभ्रे, दिवाणावरची चादर, एखादी सतरंजी, एक दिवा, फुलदाणी, चार भांडी. एवढ्या ऐवजावर ती खोली आपली करायची. मला यात कमीपणा वाटत नाही. घराशी आपलं नातं याच वस्तूंतून जुळतं, कारण घर सोडताना आपल्याबरोबर टेंपोत त्याच चढतात.

आमचा हॉल दहा बाय बाराचा. डोंबिवलीतली जुनी इमारत, दुसरा मजला. एकच खिडकी आणि तीही उत्तरेला. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ: पावसानं काळवंडलेला सिमेंटचा गिलावा, त्यावरून उतरणारे पाइप, एका फटीत धरलेला पिंपळ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या खिडकीतून आत येणारा उजेडही राखाडी असतो. या खोलीत दुपारी कपड्यांच्या घड्या होतात, संध्याकाळी मुलीचा अभ्यास, रात्री कुणी राहायला आलं असेल तर गाद्या पडतात. पावसाळ्यात पंख्याखाली कपडे वाळत घालायचा स्टँड उभा असतो. संक्रांतीचं हळदीकुंकू इथेच आणि दीड दिवसाचा गणपतीही इथेच. घरातली दुसरी कुठलीच खोली इतकं राबत नाही. तेव्हा तिला सजवायचं तर तिच्या कामाच्या आड न येता सजवायला हवं. काचेचा मोठा टीपॉय, जमिनीवरची उंच फुलदाणी, कोपऱ्यातलं शोभेचं झाड, या गोष्टी मोठ्या हॉलच्या. लहान हॉलमध्ये जी वस्तू राहील तिनं बसायला, टेकायला, पांघरायला, निदान पाणी प्यायला तरी उपयोगी पडावं.

करडा आणि पिवळा ही जोडी २०२१ साली जगभर गाजली. पॅन्टोन ही रंगांच्या छटांना क्रमांक देणारी अमेरिकन कंपनी दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते. २०२०च्या डिसेंबरात तिनं एकाऐवजी दोन रंग निवडले, ‘अल्टिमेट ग्रे’ आणि ‘इल्युमिनेटिंग’. पहिला दगडगोट्यांचा करडा, दुसरा उन्हाचा पिवळा. साथीचं वर्ष चाललं होतं. तग धरण्यासाठी एक आणि उमेदीसाठी दुसरा, असा त्यामागचा विचार सांगितला गेला. त्या काळात आपल्याकडेही एकाच हॉलमध्ये ऑफिस, शाळा आणि आजारपण एकदम मुक्कामाला आलं होतं. दिवसभर त्याच चार भिंती बघताना पुष्कळांना आपला हॉल पहिल्यांदाच नीट दिसला असेल. बाजारानं ही नजर ओळखली आणि करड्या-पिवळ्या उशांचे संच दुकानांत आले. बरेचसे पॉलिस्टरचे, लिंबू रंगाचे, वर इंग्रजी सुविचार छापलेले. पुढच्या वर्षी रंग बदलला, संचही बदलले. माझ्या मनातून ती जोडी गेली नाही, कारण ती मला नवी वाटलीच नव्हती.

जेजुरीचा गड चढलेल्या कुणालाही ती ठाऊक आहे. पायऱ्या, कमानी, दीपमाळा, सगळं सह्याद्रीच्या काळ्या दगडाचं, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी घासून काळ्याचं करडं झालेलं. त्यावर भंडारा. सोमवती अमावस्येला आणि चंपाषष्ठीला तिथे उधळण होते, माणसं, कपडे, पायऱ्या एका रंगाच्या होतात आणि सोन्याची जेजुरी का म्हणतात ते डोळ्यांना कळतं. मला मात्र गर्दी ओसरल्यानंतरची जेजुरी अधिक आवडते. पायरीच्या आतल्या कोपऱ्यात, छिन्नीच्या जुन्या घावांत, दीपमाळेच्या हातांच्या बेचक्यात हळद साठून राहिलेली असते. दगडाचा उंचवटा उघडा आणि खोलगट भाग पिवळा, त्यामुळे एरवी न दिसणारी पाथरवटाची सगळी मेहनत दिसायला लागते. पिवळा तिथे इतका उजळतो तो खालच्या करड्याच्या जोरावर. पांढऱ्या संगमरवरावर तीच हळद सांडली असती तर कुणीतरी फडकं शोधलं असतं. भाद्रपदात गडकिल्ल्यांच्या तटांवर सोनकी फुलते तेव्हाही हाच खेळ असतो: ओले करडे चिरे आणि त्यांच्या सांध्यांतून वर आलेली बारीक पिवळी फुलं.

आणि हे फक्त गडांवर होतं असंही नाही. आपल्या घरांमध्ये ते कित्येक वर्षं नांदत होतं. देशावरच्या वाड्यांत, चाळींत, शाळांत शहाबादी फरशी असायची. शहाबाद हे कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव, मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सोलापूरच्या पुढे लागतं. तिथला चुनखडक थराथरानं सुटतो, त्यामुळे त्याच्या लाद्या निघतात. एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा हा दगड, सह्याद्रीच्या बेसाल्टपेक्षा फार जुना. त्याच भीमा खोऱ्याच्या खडकांचा पट्टा पुढे तेलंगणात तांदूरपर्यंत जातो आणि तिथे निळसर करड्या फरशीबरोबर पिवळी फरशीही निघते. करडा आणि पिवळा तिथे जमिनीखालीच शेजार करून आहेत, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

शहाबादी फरशीकडे नीट बघितलं आहे का कधी? आजोळी माजघरात ती होती. झाडून पुसून घेतली की ओली फरशी जवळजवळ काळी दिसायची. मग पंखा लावला की वाळायला कडांपासून सुरुवात व्हायची. मधला ओला डाग आक्रसत जायचा आणि त्याच्याभोवती करडा रंग उमटत यायचा, पण तोही एकसारखा नाही: एका लादीत निळसर झाक, शेजारच्या लादीत मातकट, तिसरीत पांढरी शीर. देवघरापाशी वर्षानुवर्षं तेल सांडून दोन लाद्या कायमच्या गडद झालेल्या. मे महिन्यात जेवणं झाल्यावर सगळी मुलं त्या फरशीवर उघड्या पाठीनं लोळायची. अशा जमिनीवर आजी पितळेचं घंगाळ ठेवायची, समई ठेवायची, पाण्याचा तांब्या ठेवायची. चिंच लावून घासलेलं पितळ करड्या फरशीवर ठेवलं की त्याच्याखाली पिवळ्या उजेडाचं एक लहानसं वर्तुळ पडायचं. आजीनं ‘रंगसंगती’ हा विषय कधी काढला नाही. पण तिच्या घरात दगड, घोंगडी, पाटा-वरवंटा, लोखंडी तवा हे सगळं करड्या-काळ्यातलं आणि पितळ, हळद, केरसुणी, झेंडूच्या माळा हे पिवळ्यातलं. बाकी रंग माणसांच्या अंगावर असायचे.

माझ्या हॉलमध्ये शहाबादी नाही. घरमालकांनी बसवलेल्या फिकट टाइल आहेत, त्यांचं मी काही करू शकत नाही. म्हणून करडा पडद्यांतून आणि सतरंजीतून आणायचं ठरवलं. तेव्हा आत्या म्हणाली, “अगं, राखेच्या रंगाचे पडदे कोणी घरात लावतं का? सणासुदीचं घर आहे तुझं.” आत्याचं म्हणणं मी मनावर घेतलं, कारण त्यात तथ्य होतं. करडा म्हटल्यावर एकच रंग डोळ्यांपुढे आणून भागत नाही. शिशाचा करडा निळ्याकडे झुकतो आणि उत्तरेच्या खिडकीत, आषाढातल्या आभाळाखाली, तो खोलीला गारठवून टाकतो. तसले पडदे लावलेल्या घरात दुपारी चारला दिवे लावावेसे वाटतात. पारव्याच्या पोटाच्या पिसांत जो करडा असतो त्यात किंचित तांबूस ऊब असते. न रंगवलेल्या लोकरीच्या घोंगडीत तपकिरीची छटा असते. दख्खनी मेंढीची लोकर, धनगरांनी कातरलेली, खड्डामागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली. तिच्यात काळे, करडे, तपकिरी केस एकत्रच येतात, त्यामुळे लांबून करडी दिसणारी घोंगडी जवळून बघितली तर करड्याचा तिच्यात एकही सलग धागा सापडत नाही. मी त्या घोंगडीचा रंग डोळ्यांपुढे ठेवून पडद्याचं कापड निवडलं, जाडसर सुती, तपकिरीकडे झुकणारं करडं. घोंगडी स्वतः दिवाणावर घातली आहे. आत्या दिवाळीला आली तेव्हा तिनं पहिल्यांदा हात फिरवला तो घोंगडीवर आणि ती कुठून आणली ते विचारलं.

करड्याच्या स्वभावात आणखी एक गोष्ट आहे. तो शेजाऱ्याच्या रंगानं बदलतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ या गालिचे आणि भिंतीवरची चित्रवस्त्रं विणणाऱ्या प्रसिद्ध कारखान्यात मिशेल शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं धागा तपासला, रंगात दोष नव्हता. मग त्याच्या ध्यानात आलं की शेजारच्या धाग्यांचे रंग काळ्याला फिकं पाडत आहेत. दोन रंग शेजारी आले की ते एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात, हा नियम त्यानं १८३९ साली ग्रंथरूपानं मांडला. पिवळ्याच्या विरुद्ध बाजूला जांभळट निळा येतो. म्हणून पिवळ्या उशीमागचा करडा पडदा असतो त्यापेक्षा निळसर वाटतो. मुळातच निळसर करडा घेतला तर पिवळ्यापाशी तो आणखी गार होतो. ऊबदार करडा घेतला तर पिवळा त्याला ओढून बरोबर मधल्या जागी आणून ठेवतो. कापडाच्या दुकानात करड्याचा तुकडा एकटा बघून निवडू नये, हाताशी पिवळं काहीतरी धरून निवडावा, एवढं मी या शेव्हरलकडून घेतलं.

करड्याच्या जागी काळा का नको, असंही मला विचारलं गेलं. काळ्या-पिवळ्याचा जोर आपण मुंबईकडचे लोक रोज अनुभवतो. स्टेशनच्या फलकावर पिवळ्या जमिनीवर काळी अक्षरं असतात, कारण चालत्या गाडीतून ती लगेच वाचता यायला हवीत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचंही तसंच. भर गर्दीत ती लांबून ओळखू येते. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली तेव्हा लोक हळहळले ते त्या ओळखीच्या रंगांसाठीही. पण ती जोडी हाक मारणारी आहे, रस्त्याच्या आणि फलाटाच्या कामाची. दहा फुटांच्या खोलीत, जिथे माणूस दिवसभराची हाकाटी बाहेर ठेवून टेकायला येतो, तिथे ती नको. करडा पिवळ्याला बोलू देतो आणि ओरडू देत नाही.

आता पिवळा. इथे मी वेळ लावते, कारण पिवळ्याचं प्रमाण चुकलं की छोटी खोली बिघडते. अंतर्गत सजावट करणारे साठ, तीस, दहा असा हिशेब सांगतात: साठ टक्के मूळ रंग, तीस टक्के जोडरंग, दहा टक्के उठावाचा. मोठ्या घरात तो ठीक असेल. लहान हॉलमध्ये दहा टक्केही पिवळा जास्त होतो असं माझं निरीक्षण आहे, कारण भिंती जवळ असतात आणि पिवळा भिंतीवर आपली झाक टाकतो. दोन उशा, एक भांडं, एक दिवा, एवढा पिवळा पुरतो. आणि तो एकाच छटेचा नको. उशी, पडद्याची पट्टी, घड्याळ, फुलदाणी सगळं एका डब्यातल्या रंगाचं घेतलं तर हॉल दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षाच्या वळणावर जातो. हळदीचा पिवळा, पितळेचा पिवळा, बहाव्याचा पिवळा, तिघांना एकत्र आणावं. एका घरातली माणसं एका चेहऱ्याची नसतात.

उशांसाठी मी खण घेतला. गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला. कर्नाटकात विणला जाणारा हा खण महाराष्ट्रात देवीच्या ओटीत जातो, चोळीला लागतो, आणि त्यामुळे त्याची रुंदी चोळीपुरतीच असते. त्या रुंदीत सोळा इंची उशीची दर्शनी बाजू बसते, मागची बसत नाही. म्हणून पाठीला करडी खादी लावली. असा अभ्रा शिवताना समोर मशीनच्या सुईखाली खण जवळून बघायला मिळतो. वरून सरळ बघितलं तर भरदार हळदीचा रंग, कापड जरा कलतं धरलं की त्यावर गडद लाट सरकते, कारण चकचकीत ताण्याच्या खालून सुती बाणा दिसायला लागतो. अंगभर बारीक ठिपक्यांसारखी नक्षी. बोट फिरवलं की हाताला लागते. कडेचा काठ मरून रंगाचा. आधी वाटलं तो पूर्ण आत दुमडावा, म्हणजे निव्वळ पिवळं आणि करडं राहील. मग तीन बाजूंनी दुमडला आणि चौथ्या बाजूला बोटभर बाहेर ठेवला. कुठल्याही दोन रंगांच्या घरात तिसऱ्याला एवढी जागा असावी. ती मरून रेघ नसती तर उशी विकतची वाटली असती. आता आलेली बाई बघते आणि विचारते, “खण आहे ना हा?” आणि मग तिच्या आईच्या चोळीची, तिच्या पहिल्या ओटीची गोष्ट निघते. उशीनं हे काम करावं यापरतं मला काही नको आहे.

हळदीनंच रंगवलेलं कापड घ्यावं असा मोह होतो. घरच्या हळदीत रंगवलेला रुमाल फार सुंदर दिसतो, पण हळदीचा रंग उन्हात विटतो. आणि साबण लागला की लालसर होतो. वरणाचा डाग धुताना हा चमत्कार आपण सगळ्यांनी बघितला आहे. खिडकीपाशी ठेवायच्या उशीला म्हणूनच तो उपयोगाचा नाही. डाळिंबाच्या सालीचा किंवा झेंडूच्या फुलांचा पिवळा, तुरटी लावून पक्का केलेला, अधिक टिकतो. दसऱ्यानंतर दारावरची तोरणं कचऱ्यात जातात तेव्हा त्यातल्या झेंडूंकडे बघून मला कायम वाटतं की एका हॉलचं पिवळं इथे फुकट चाललं आहे. पाकळ्या सावलीत वाळवून ठेवल्या तर पुढे महिनोन्‌महिने रंगाच्या कामी येतात.

पिवळा ठेवायचा कुठे, हाही विचार आहे. खिडकीपाशी उजेड असतोच, तिथे करडा ठेवावा. तो उजेडाची चकाकी पिऊन घेतो. पिवळा खिडकीच्या समोरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात द्यावा, कारण फिकट-उजळ रंगांत पिवळा मिळालेला उजेड सर्वांत मोकळ्या हातानं परत करतो. आमच्या हॉलच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे पावसाळ्यात सकाळी अकरालाही अंधारलेलं असतं, तिथे एका तिवईवर आजीचं पितळेचं घंगाळ आहे. त्यात पाणी घालून कधी झेंडू, कधी नुसती आंब्याची डहाळी. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं. एक धातू तांबूस, दुसरा करडा, आणि दोघांच्या मिलाफातून हा पिवळा निघतो. ठराविक दिवसांनी ते काळवंडतं. मग चिंच-मीठ लावून घासायचं, आणि पहिल्या काही घासण्यांतच खालून सोनेरी रंग वर येतो. ही मेहनत नको म्हणून लोक लाखेचा मुलामा दिलेलं पितळ घेतात. मला घासावं लागणारंच पितळ हवं. न घासता चमकणाऱ्या वस्तूला आपला हात लागत नाही, आणि हात न लागलेली वस्तू घरात पाहुण्यासारखी राहते.

संध्याकाळी दिवा लावल्यावर हे सगळं पुन्हा नव्यानं ठरतं. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली घोंगडी निर्जीव दिसते आणि खणाची हळद हिरवट होते. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा प्रकाश, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर पांढरा दिवा आहे आणि असावाच. कोपऱ्यातल्या घंगाळापाशी २७०० केल्विनचा लहान दिवा. दोघांना मी वेगवेगळी बटणं ठेवली आहेत. अभ्यास संपला की पांढरा बंद होतो आणि खोलीचा स्वभाव पालटतो. हे कुणाला नुसते लाड वाटत असतील तर त्यांनी मरीन ड्राइव्ह आठवावा. २०१५ साली तिथले जुने पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा केवढी नाराजी उसळली होती. पुढे पिवळसर प्रकाश परत आणावा लागला. करडा समुद्र, करडे टेट्रापॉड, करडा कठडा आणि त्यावर पिवळ्या दिव्यांची कंठमाळ, हे मुंबईनं आपलं मानलेलं चित्र होतं. त्यातला पिवळा काढल्यावर लोकांना काय गेलं ते नेमकं कळलं.

या रंगांचा विचार करताना मला वासुदेव गायतोंडे आठवतात. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, गिरगावातल्या चाळीत वाढलेले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ला बाहेर पडलेले, आणि पुढे दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, अगदी थोड्या वस्तूंसह राहून चित्रं काढणारे. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात २०१४ साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. रोलरनं आणि सुरीनं ते रंगाचे थर चढवायचे आणि काढायचे. त्यांच्या काही चित्रांत धुरकट करड्या पृष्ठभागातून पिवळा हळूहळू वर येताना दिसतो, आणि तो किती थोडा आहे हे चित्रापासून दूर गेल्यावर लक्षात येतं. चाळीतल्या आणि बरसातीतल्या लहान जागेत राहून या माणसानं मोकळ्या जागेची किंमत ओळखली होती असं मला वाटतं. त्यांच्या चित्रांच्या किमती आज कोटींत आहेत आणि ती चित्रं आपल्या हॉलमध्ये कधी येणार नाहीत. पण कॅनव्हासचा केवढा भाग त्यांनी शांत ठेवला, हे बघून आपली एक भिंत रिकामी ठेवण्याचं धैर्य नक्की येतं. आमच्या दिवाणामागची भिंत मी मोकळीच ठेवली आहे. खिळा मारायचा नाही ही अट आहेच, पण ती नसती तरी ठेवली असती.

गणपतीत या सजावटीची खरी परीक्षा होते. दिवाण भिंतीला लावायचा, टेबल घडी करून आत ठेवायचं, करडे पडदे धुऊन परत लावायचे आणि त्यांच्या पुढ्यात मूर्ती. आरास फारशी लागत नाही. करड्या सुती पडद्यापुढे झेंडूची एक माळ, केवडा, समईची ज्योत आणि गणपतीचं पिवळं पीतांबर, एवढ्यात ती जागा भरते. दीड दिवसानं विसर्जन झालं की दिवाण पुन्हा जागेवर, घोंगडी दिवाणावर, खणाच्या उशा घोंगडीवर. सगळं उरकायला अर्धा तास. ज्या हॉलला सणासाठी एवढ्या लवकर बाजूला होता येतं तो हॉल मला नीट सजवलेला वाटतो.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या पायाखाली अजून शहाबादी फरशी आहे, जुन्या वाड्यात, चाळीत, गावाकडच्या घरात, त्यांनी घराला नवं रूप देताना सर्वांत आधी तिच्यावर घाव घालू नये. तिच्यावर चकचकीत टाइल चढवण्याआधी पॉलिशवाल्याला बोलवा आणि एका खोलीपुरती ती यंत्रानं घासून घ्या. ओल्या फडक्यानं पुसून, वाळताना तिचा रंग बघा. मग माळ्यावरच्या पोत्यातलं एखादं पितळेचं भांडं काढून तिच्यावर ठेवा आणि नंतर काय ते ठरवा.